पलंगभर तोर्तेल्लीनी

अर्जिया मोंतानारीने आयुष्यात कधी कोणाचे आभार मानले नव्हते, आणि त्याचा तिला थोडा अभिमानच होता. वडिलांची शिकवण तशी होती. ते रेल्वेच्या कारखान्यात फिटर होते. जेवताना टेबलावर मूठ आपटून सांगायचे, जे हक्काचं आहे त्याचे आभार मानायचे नाहीत, आणि जे हक्काचं नाही ते घ्यायचं नाही. मग आभार मानायचे ते कशाचे, असं अर्जियाने लहानपणी एकदा विचारलं होतं. वडिलांनी बराच वेळ विचार केला आणि सूप थंड होतंय म्हणाले.

बोर्गोफ्युमेमध्ये दोरखंडवाल्यांच्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर, तिचं दोन खोल्यांचं भाड्याचं घर होतं. लग्न होऊन ती तिथे आली आणि तिथेच विधवा झाली. मागची खोली उत्तरेकडची, जाड भिंतींची, उन्हाळ्यातही तळघरासारखी गार राहणारी. घरमालकीण डॉक्टरीणबाई होत्या तोवर सगळं सुरळीत होतं. भाडं वेळेवर जायचं आणि नळ गळला की दुरुस्त व्हायचा. बाई गेल्या आणि घर मिलानमधल्या नातवाकडे आलं. नातू एकदाच आला, छताच्या लाकडी तुळया बघून हरखला, अर्जियाचा हात हातात घेऊन गोड बोलला, आणि महिन्याभरात घर खाली करण्याची नोटीस पाठवून मोकळा झाला.

त्याचंही नवल नव्हतं. बोलोन्याहून जलद गाडी सुरू झाल्यापासून सगळ्या गावाला घरं पर्यटकांना भाड्याने देण्याचे डोहाळे लागले होते. इमारतीच्या दारावर पूर्वी नावांच्या पितळी पाट्या असायच्या. आता आकड्यांचं कुलूप असलेल्या चावीच्या डब्या लटकत होत्या, आणि जिन्यात दिवसभर चाकांच्या बॅगांचा खडखडाट. अर्जियाने चार ठिकाणी घरं पाहिली. सगळं पेन्शन ओतलं तरी तिला मोटार ठेवायची खोली मिळाली असती, तीही मोटारीने तक्रार केली नसती तर.

अशी नोटीस आली की माणूस बोंब ठोकतो. अर्जियाने ठोकली नाही. पालिकेच्या वसंतातल्या निवडणुका तोंडावर होत्या आणि पालिका तिच्याच पक्षाच्या, म्हणजे डाव्यांच्या, ताब्यात होती. म्हातारीला घराबाहेर काढलं अशी बातमी छापून आली असती तर पक्षाचं नाक कापलं गेलं असतं. तिने नोटीस घडी घालून पिठाच्या डब्याखाली ठेवली आणि पालिकेत घरांचं खातं सांभाळणाऱ्या मिर्कोला गुपचूप भेटली. मिर्को तिच्या हातचं खाऊनच वाढलेला. त्याने मान डोलावली, फार वाईट वाटतंय म्हणाला, आणि मतदान होईपर्यंत कुठे बोलू नका, नंतर मी बघतो, असा शब्द दिला. अर्जिया गप्प बसली. पक्षाची शिस्त म्हणून घर जात असताना गप्प बसणारी माणसं आमच्याकडेच निपजतात, आणि असल्या माणसांच्या जिवावरच मिर्कोसारखे निवडून येतात.

तो निवडून आला. मग अर्जिया त्याच्याकडे गेली, तेव्हा प्रश्न गुंतागुंतीचा निघाला. घरमालकांनाही दुखवून चालणार नव्हतं, मधल्या मतदाराचा विचार करायला हवा होता, एक समिती नेमायचं चाललं होतं. हा मधला मतदार अर्जियाने उभ्या जन्मात पाहिला नव्हता. पक्षाने तिच्या देखत चारदा नाव बदललं होतं, आणि दर वेळी या मधल्या माणसाची मर्जी राखायला म्हणूनच. दर वेळी निशाणीतून काहीतरी गळून पडायचं आणि दर वेळी अर्जिया हात वर करायची. घर आपलंच आहे, फक्त रंग बदललाय, असं ती स्वतःला समजवायची. आता मात्र खरंखुरं घर जायची वेळ आली होती.

पहिल्यांदा नाव बदललं त्या संध्याकाळची गोष्ट सांगायलाच हवी, कारण त्या संध्याकाळी तिची जिवाभावाची मैत्रीण दिर्चे तिला सोडून गेली.

दिर्चे आणि अर्जिया शेजारी शेजारी उभ्या राहून लाटायला शिकल्या. आमच्याकडे सप्टेंबरात नदीकाठच्या मैदानावर पक्षाची जत्रा भरते. भाषणं असतात, नाच असतो, पण लोक येतात ते तोर्तेल्लीनी खायला. अंड्यात मळलेल्या पिठाची हातभर लांबीच्या लाटण्याने कागदासारखी पोळी लाटायची, तिचे चौकोन कापायचे, प्रत्येकात नखाएवढं मांसाचं सारण ठेवायचं आणि बोटाभोवती वळून चिमटा काढायचा, आणि मग रश्शात उकळून वाढायचं. बायका हे काम जनताघराच्या, म्हणजे पक्षाच्या गावातल्या सभागृहाच्या, स्वयंपाकघरात फुकट करतात, आणि त्या पैशावर पक्षाचं वर्ष निघतं. त्या संध्याकाळी जनताघरात मतदान झालं. अर्जियाने रडत रडत हात वर केला. दिर्चेने केला नाही. ती स्वयंपाकघरात गेली, आपलं लाटणं काखेत मारलं आणि दारातून वळून सगळ्यांदेखत म्हणाली, “हे आता उजवीकडे एकेक पाऊल टाकत राहतील, अर्जिया, आणि तू येतेस का ते मागे वळून बघत राहतील. आणि तू जाशील.”

त्यानंतर तीस वर्षं दोघी बोलल्या नाहीत. गाव एवढंसं. बाजारात एक चीजवाल्याकडे दिसली की दुसरी भाजीवाल्याकडे वळायची. दिर्चे लाल झेंड्याच्या उरल्यासुरल्या मंडळीत राहिली. ती मंडळीही दर दोन वर्षांनी आपसात भांडून फुटायची. शेवटी ती भाडेकरूंच्या संघटनेत काम करू लागली. अर्जियाच्या नवऱ्याच्या अंत्ययात्रेला ती आली होती, पण समोरच्या फुटपाथवर उभी राहून.

तर घराचा ताबा घ्यायला बेलिफ येणार होता तो दिवस नेमका जत्रेच्या मोठ्या जेवणाच्या आदल्या दिवशी पडला. जेवणाला रोमहून पक्षाचे बडे पुढारी येणार होते. अर्जियाने ओरियानोला निरोप दिला की तब्येत बरी नाही, या वर्षी मी लाटायला येत नाही. ओरियानो तिचा मावसभाऊ. जत्रेत तळणाची कढई सांभाळायचा आणि त्याच्या पोटात काही म्हणून राहायचं नाही. तिने त्याला बेलिफाबद्दल चकार शब्द सांगितला नव्हता. पण तिच्या शेजारणीने तिला बॅग भरताना पाहिलं होतं, शेजारीण ओरियानोला भेटली, आणि पुढचं सांगायला नको.

त्या दिवशी सकाळी अर्जिया कोट घालून बसली होती. एकच बॅग भरली होती. लाटणं तिच्यात मावेना म्हणून तिरकं खोचलं होतं आणि त्याचं टोक बाहेर आलं होतं. बेलिफ आला की किल्ली द्यायची आणि कोणाला न कळता रेज्योला भाचीकडे निघून जायचं, असं तिने ठरवलं होतं. भाचीकडे बैठकीत सोफा होता. तिने टेबलावरून हात फिरवला, भिंतीवरून फिरवला, आणि तिला मनापासून वाटलं की या भिंतींना काहीतरी म्हणायला हवं. पण असं काही म्हणायची तिला सवय नव्हती.

तेवढ्यात जिन्यात आवाज झाला. चाकांच्या बॅगांचा नव्हे, पायांचा. दार वाजलं. बाहेर जनताघरातल्या सगळ्या लाटणाऱ्या बायका उभ्या होत्या. कोणाकडे पाट, कोणाकडे अंड्यांचे ट्रे, कोणाकडे सारणाची पातेली. मागे ओरियानो पिठाचं पोतं खांद्यावर घेऊन धापा टाकत होता. आणि सगळ्यांच्या पुढे, काखेत लाटणं मारून, दिर्चे.

ती म्हातारी झाली होती. अर्जियाच्या मनात पहिल्यांदा आलं ते हेच.

“तब्येत बरी नाही ना तुझी,” दिर्चे म्हणाली. “म्हणून स्वयंपाकघरच इकडे आणलं. सरक, आत येऊ दे.”

अर्जिया सरकली. दुसरं काय करणार. बायकांनी घराचा ताबा घेतला, बेलिफाच्या आधी. टेबलावर पाट मांडले, पिठाचे डोंगर झाले, त्यात अंडी फुटली. अर्जियाचा कोट कोणीतरी अंगावरून काढून खुंटीला लावला आणि तिला एप्रन बांधला. दिर्चेने बॅगेतून बाहेर आलेलं लाटण्याचं टोक पाहिलं, सरळ ते उपसलं आणि अर्जियाच्या हातात दिलं. मग ती पिठाकडे वळली. अर्जिया मात्र वाट बघत होती. आता म्हणेल, मग म्हणेल. तीस वर्षं राखून ठेवलेलं ‘मी सांगितलं होतं’ आज तिला ऐकावंच लागणार होतं, आणि ऐकायची तिची तयारी होती. पण दिर्चे फक्त पीठ मळत राहिली.

तोर्तेल्लीनी वळून झाल्या की त्या वाळायला ठेवाव्या लागतात. आमच्याकडे त्यासाठी जागा एकच, पलंग. धुतलेली चादर अंथरायची आणि तिच्यावर एकेक सुटी मांडायची. ओल्या असताना हलवल्या तर बूड चिकटतं, पोळी फाटते आणि सारण बाहेर येतं. म्हणून पलंगावर तोर्तेल्लीनी असताना त्या खोलीत कोणी जोरात दारसुद्धा लावत नाही. अर्जियाच्या गार खोलीतला मोठा पलंग भरला. मग दिवाण भरला. मग कपाटाची दारं उतरवून खुर्च्यांवर ठेवली, ती भरली. रोमच्या पुढाऱ्यांचं आणि अख्ख्या जत्रेचं जेवण त्या दोन खोल्यांत पसरलं, आणि तेव्हा कुठे अर्जियाच्या डोक्यात प्रकाश पडला. तिने दिर्चेकडे पाहिलं. दिर्चेने चौकोन कापता कापता एवढंच सांगितलं की संघटनेत इतकी वर्षं काही माशा मारत नव्हते.

बेलिफ आला तो एक कुलूपवाला आणि दोन हमाल घेऊन. सडपातळ, चष्मेवाला, आपल्या कामाची स्वतःलाच लाज वाटत असल्यासारखा माणूस. त्याने कागद वाचून दाखवला. बायकांनी लाटणी न थांबवता ऐकून घेतला. मग तो मागच्या खोलीच्या दारात गेला आणि उंबऱ्यावरच थांबला. हमाल पुढे जायला निघाले तर त्याने हात आडवा धरला.

“ओल्या आहेत?” त्याने हळू आवाजात विचारलं.

“आत्ताच मांडल्यात,” दिर्चे म्हणाली. “उद्या सकाळपर्यंत हात लावता येणार नाही. तुम्ही कुठले?”

तो पलीकडच्याच गावचा निघाला. त्याची आई घरी हेच करायची, आणि नाताळच्या आदल्या दिवशी सगळी भावंडं जमिनीवर झोपायची. हे सांगताना त्याचा चेहरा निवळला आणि मग पुन्हा कागदाकडे बघून पडला. त्याची पंचाईत झाली होती. कोर्टाने पलंग बाहेर काढायला सांगितला होता, आणि आईने पलंगाला धक्का लावायचा नाही म्हणून सांगितलं होतं.

तेवढ्यात मिर्को जिना चढून आला. त्याला कोणीतरी कळवलं होतं की उद्याचं जेवण जनताघरात नसून दोरखंडवाल्यांच्या गल्लीत आहे. तो घामाघूम झाला होता. बेलिफाला पाहून त्याचा रंग उतरला, आणि दिर्चेला पाहून उरलासुरला गेला.

“मावशी, ही काय पद्धत झाली,” तो अर्जियाला म्हणाला. “मी बघतोच आहे ना. दोन्ही बाजूंचा विचार करावा लागतो मला. घाई करून कसं चालेल?”

अर्जियाने तोंड उघडलं, पण दिर्चेने आधी हात पुढे केला. तिने पिठाचा एक चौकोन उचलला, सारण न भरताच बोटाभोवती वळला, चिमटा काढला आणि तो मिर्कोच्या तळहातावर ठेवला.

“हे घे. दोन्ही बाजू व्यवस्थित जुळल्यात. आत काही नाही.”

बायका हसल्या. बेलिफसुद्धा खिडकीकडे तोंड करून हसला. मिर्कोला कळेना ते हातातलं कुठे ठेवावं. टेबलावर जागा नव्हती, खिशात ठेवणं बरं दिसलं नसतं. म्हणून पुढचं सगळं बोलणं त्याने ते तळहातावर तोलतच केलं. कसंबसं हसत म्हणाला, की मग या तोर्तेल्लीनी निदान जनताघरात तरी हलवू या. मागून ओरियानोने ओरडून सांगितलं की हलवल्या तर उद्या रोमच्या साहेबांना नुसता रस्सा प्यायला द्यावा लागेल, आणि असं का, ते साहेबांना मिर्कोनेच समजावून सांगावं.

मग मिर्कोचा हिशेब झाला. घर आज रिकामं केलं तर जेवण मातीत जाणार होतं. जेवण वाचवायचं तर घर राहू द्यावं लागणार होतं. मधला रस्ता काढण्यात त्याची हयात गेली होती, पण त्या दोन खोल्यांत पाय ठेवायला मधे कुठे जागाच नव्हती. तो बेलिफाला बाजूला घेऊन गेला, मग फोनवर बोलला, मग आणखी एकदा बोलला. अखेर पालिकेच्या वतीने त्याने मुदत मागितली आणि तसं स्वतःच्या सहीने लिहून दिलं. बेलिफाने सुटकेचा निःश्वास टाकला. घरात नासणारा माल असल्यामुळे आज ताबा घेणं शक्य नाही, असं त्याने नोंदवलं आणि पुढची तारीख ईस्टरनंतरची टाकली. जाताना त्याने जायफळ कुठलं वापरता म्हणून विचारलं.

ईस्टरनंतरची. म्हणजे घर वाचलं नव्हतं, हे अर्जियाला कळत होतं. मिलानचा नातू काही पाझरणार नव्हता. पण एक हिवाळा हातात आला होता, आणि आता हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. दिर्चेने बेलिफाची पाठ वळताच सांगून टाकलं की पुढच्या तारखेला संघटनेची माणसं जिन्यात असतील, आणि तोवर पालिकेच्या कुलूप लावून ठेवलेल्या घरांतलं एक अर्जियाच्या नावाने मागायचं. उद्या जेवताना, बड्या साहेबांच्या समोर मागायचं. वाढणाऱ्या बायकाच असतील ना.

मिर्को दारात घुटमळत होता. त्याला काहीतरी अपेक्षित होतं, हे दिसत होतं.

“मावशी, ईस्टरपर्यंत मिळवून दिलं मी,” तो शेवटी म्हणाला.

“दिलंस,” अर्जिया म्हणाली. “ते तुझं कामच होतं, बाळा. निवडून कशाला दिलंय? वसंतातच केलं असतंस तर मी बॅग भरली नसती.”

एवढं सरळ ती त्याच्याशी कधीच बोलली नव्हती. मिर्कोने मान खाली घातली. त्याने तळहातावरची ती रिकामी तोर्तेल्लीनी तोंडात टाकली, कच्चीच, आणि जिना उतरून गेला. तो माणूस वाईट नव्हता, असं मी म्हणेन. इतकी वर्षं कोणी त्याला मधून हलायला लावलंच नव्हतं, आणि त्यात अर्जियासारख्यांची चूक होती.

दुपारनंतर बायका पाट आणि पातेली घेऊन गेल्या. ओरियानो रिकामं पोतं डोक्यावर टोपीसारखं घालून गेला. दिर्चे मागे राहिली आणि जमिनीवरचं पीठ झाडू लागली. दोघींच्या मधे खोली होती आणि तीस वर्षं होती. अर्जियाला राहवेना.

“म्हणून टाक एकदाचं,” ती म्हणाली.

“काय?”

“तू सांगितलं होतंस म्हणून. मी सकाळपासून वाट बघतेय.”

दिर्चेने केरसुणी भिंतीला टेकवली. “मी सांगितलं होतं, हे खरं,” ती म्हणाली. “पण मी निघून गेले आणि तू थांबलीस. तू थांबली नसतीस तर आज या बायका आल्या असत्या का? माझ्या हाकेला आमच्या मंडळीतले तीन जण येतात, त्यातल्या दोघांचं पटत नाही. या तुझ्यासाठी आल्या, अर्जिया. मी फक्त पुढे चालत होते.” मग तिने पलंगाकडे बघून भुवई उंचावली. “आणि तुझी पोळी अजूनही जाड असते.”

अर्जिया खुर्चीवर बसली. तिला वडिलांची आठवण झाली, टेबलावरची मूठ, थंड होणारं सूप. घराचा हक्क तिचा होता, त्याचे आभार नाहीत. मिर्कोने केलं ते त्याचं काम, त्याचेही नाहीत. पण दिर्चेने यावं हा काही तिचा हक्क नव्हता. समोरच्या फुटपाथवरच उभी राहिली असती तरी तिला कोणी नावं ठेवली नसती. तरी ती रस्ता ओलांडून आली होती, म्हाताऱ्या पायांनी तीन जिने चढून. वडिलांना उत्तर सापडलं नव्हतं ते हेच होतं, आणि ते इतकं सोपं होतं याचं तिला हसू आलं आणि रडूही आलं.

“दिर्चे,” ती म्हणाली, “मी तुझी फार आभारी आहे.”

तिच्या तोंडून ते शब्द नव्या चपलांसारखे अवघडून निघाले. दिर्चे एवढी गोरीमोरी झाली की तिने पुन्हा केरसुणी हातात घेतली आणि झाडलेलीच जागा झाडली.

रात्र झाली तेव्हा अर्जिया झोपायची तयारी करावी म्हणून मागच्या खोलीच्या दाराशी गेली आणि थबकली. पलंगभर तोर्तेल्लीनी होत्या. दिवाणभर होत्या. ज्या घरात राहता यावं म्हणून सकाळपासून एवढं रामायण घडलं, त्या घरात तिला पाठ टेकायला हातभर जागा नव्हती.

दिर्चेने तिच्या खांद्यावरून आत डोकावून पाहिलं.

“माझ्याकडे चल,” ती म्हणाली. “पलंग मोठा आहे. घोरत असशील तर आधीच सांग.”

अर्जियाने दिवा मालवला. भरलेल्या बॅगेतून फक्त रात्रीचा झगा काढला आणि बॅग पुन्हा कपाटावर ठेवून दिली. मग दोघी हळूच, तोर्तेल्लीनींची झोपमोड होऊ नये म्हणून पाय न वाजवता बाहेर आल्या, आणि अर्जियाने आपल्या किल्लीने आपल्या घराला कुलूप लावलं.